कढईचा कान आणि क्रेनचा आकडा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा व्यासपीठावरून विद्याप्रसार, वसतिगृह, विवाहकार्यातील काटकसर यांसारख्या गहन विषयांवर विद्वानांची भाषणे होत असतात. मी विद्वान नाही. उभे आयुष्य लोखंडाच्या संगतीत गेलेला मी एक कारागीर आहे. तेव्हा 'तुमच्या धंद्यातले काही सांगा' असा आग्रह चिटणीसांनी धरला, त्या वेळी मनात आले की, तळहाताएवढ्या एका लोखंडी तुकड्याविषयीच का बोलू नये? त्या तुकड्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, आणि त्याकडे लक्ष मात्र कोणाचेच नसते.

या सभेत बसलेल्या भगिनींना तो तुकडा माझ्यापेक्षा अधिक परिचयाचा आहे. प्रत्येकीच्या घरी कढई आहे आणि प्रत्येक कढईला दोन कान आहेत. कढईचा कान हलू लागला की उकळत्या तेलाची कढई चुलीवरून उतरवण्यास कोणतीही शहाणी गृहिणी धजत नाही. 'आधी रिवेट ठोकून आणा, मग अनरसे तळू' असे ती निक्षून सांगते. आपल्या वाडवडिलांनी अशा हजारो कानांना रिवेटा ठोकल्या. आज त्यांचीच नातवंडे दहा दहा टनांच्या टाक्यांना, यंत्रांच्या बैठकांना आणि छपराच्या कैच्यांना तसेच कान बसवीत आहेत. रिवेटीच्या जागी वेल्डिंग आले आणि गृहिणीच्या हाताच्या जागी क्रेनचा आकडा आला, एवढाच काय तो फरक. कारखान्यात या कानाला 'लिफ्टिंग लग' म्हणतात. जाड प्लेटीचा तुकडा, त्यास एक भोक, भोकात शॅकल, शॅकलमध्ये वायररोपची स्लिंग आणि स्लिंग क्रेनच्या आकड्याला, अशी ही साखळी आहे. या साखळीतील स्लिंग, शॅकल व क्रेन ही साधने चाचणीची खूण घेऊन कारखान्यात येतात. कान मात्र आपलाच एखादा वेल्डर जागेवर जोडतो, आणि बहुधा घाईघाईने जोडतो.

हा विषय ज्ञातीच्या संमेलनात कशाला, असे कोणास वाटेल. मनु, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ अशी श्रीविश्वकर्म्याची पाच अपत्ये आपण मानतो, आणि त्यांतील लोखंडाचा वारसा मनूकडे आला असे समजतो. भाता विझला, ऐरण अंगणात गंजत पडली, तरी लोखंड काही आपल्या घरातून गेले नाही. पूर्वी गावच्या वेशीजवळ लोहाराची पाल होती, आज औद्योगिक वसाहतीत आपल्या मुलांची फॅब्रिकेशनची शेड आहे. या शेडींतून जो माल उचलला जातो, त्याच्या खाली किंवा शेजारी उभा असणारा मुलगा परका नसतो. तो आपलाच पुतण्या असतो, भाचा असतो किंवा शेजाऱ्याचा एकुलता एक मुलगा असतो. म्हणून हा विषय मला घरचाच वाटतो.

आता एक कबुली देतो. ही गोष्ट मी फार थोड्या लोकांस सांगितली आहे.

मी त्या वेळी ऐन पंचविशीत होतो आणि टाक्या बनविणाऱ्या एका कारखान्यात वेल्डरचे काम करीत होतो. आषाढाचे दिवस होते, पाऊस चार दिवस खळला नव्हता. सहा टनांची एक टाकी तयार होऊन पडली होती, ट्रक दाराशी उभा होता आणि ड्रायव्हर भोंगा वाजवीत होता. टाकीला कान लावायचेच राहिले आहेत हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले. 'दोन कान तर लावायचे, अर्ध्या तासाचे काम' असे मला सांगण्यात आले. मी भंगाराच्या ढिगातून दोन तुकडे उचलले. भोके गॅसने पाडली. टाकीवरचा रंग घासून काढण्यास वेळ नव्हता, म्हणून रंगावरच रॉड चालविला. रॉडचे पाकीट आठवडाभर उघडे पडलेले होते. दोन्ही कान मी स्लिंगच्या ओढीला आडवे लावले, कारण तसे लावताना मला वाकावे लागत नव्हते. वरून पाहता जोडकाम सुरेख दिसत होते.

टाकी ट्रकच्या हौद्याएवढी उंच गेली आणि एक कान तुटला. आमच्या कारखान्यातील ज्येष्ठ खलाशी, ज्यांना आम्ही सर्वजण मामा म्हणत असू, ते हाताने टाकीस दिशा देत होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

पुढे कित्येक दिवसांनी मी त्यांना भेटावयास गेलो. मला रागे भरतील, शिव्या देतील, या तयारीने गेलो होतो. ते एवढेच म्हणाले, "पोरा, तू कान लावलास तेव्हा मी तिथंच उभा होतो. मी तुला विचारलं नाही आणि तू मला सांगितलं नाहीस." त्या दिवसापासून माझ्या शिक्षणास खरा आरंभ झाला, असे मी मानतो. तुटलेला तो कान मी उचलून आणला होता. त्याचा भंग पाहिला तर निम्मा भाग काळा होता. तेथे लोखंड लोखंडास मिळालेच नव्हते, रंगाची राख मध्ये बसली होती. उरलेला भाग साखरेच्या खड्यासारखा चकाकत होता, म्हणजे ते लोखंड न वाकता काचेप्रमाणे तडकले होते. आजचे माझे सारे भाषण म्हणजे त्या एका तुकड्याचे वाचन आहे.

पहिली गोष्ट ओढीची. दहा टनांचे ओझे दोन कानांवर उचलले तर प्रत्येक कानावर पाच टन येतात, असा आपला सरळ हिशेब असतो. दोन्ही स्लिंगा अगदी उभ्या असतील तरच तो खरा ठरतो. बहुधा दोन्ही स्लिंगा वर एका आकड्याला मिळतात आणि खाली तिरप्या उतरतात. घरातील कपडे वाळविण्याची दोरी आठवा. दोरी सैल असली तर ओल्या लुगड्याच्या भाराने ती खाली झोल खाते आणि खिळ्यांवर फारशी ओढ येत नाही. तीच दोरी ताणून ताठ बांधली तर त्याच लुगड्याने भिंतीतला खिळा उपटून निघतो. लुगड्याचे वजन वाढलेले नसते, दोरी आडवी झालेली असते. स्लिंगचेही तसेच आहे. दहा टनांच्या ओझ्यास दोन स्लिंगा जमिनीशी ६० अंशांच्या कोनात असतील तर प्रत्येकीत सुमारे ५.८ टन ताण येतो. ४५ अंशांत ७.१ टन येतो, आणि ३० अंशांपर्यंत त्या आडव्या झाल्या की प्रत्येकीत पूर्ण १० टन येतात. म्हणजे दोन स्लिंगा लावूनही एकीनेच सारे ओझे उचलल्यासारखे होते. म्हणून जाणता खलाशी आखूड स्लिंग नाकारतो आणि लांब मागतो. तो हट्टी आहे असे समजू नये. त्याला गणित येत नसेल, पण त्याच्या हातांना ते येते.

याच तिरप्या ओढीत दुसरा धोका दडलेला आहे. ४५ अंशांच्या स्लिंगने कान पाच टनांनी वर ओढला जातो आणि तितक्याच, म्हणजे पाच टनांनी, आतल्या बाजूस आडवाही ओढला जातो. आता शाळेतील लाकडी फूटपट्टी हातात घ्या. ती कडेवर उभी धरून वाकवू पाहिली तर वाकत नाही, सपाट धरली तर मूलही वाकवते. कानाची प्लेट १०० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड असेल, तर रुंदीच्या दिशेने वाकण्यास ती जितका विरोध करील, त्याच्या अवघा एक पंचमांश विरोध ती जाडीच्या दिशेने करते. यास्तव कानाची प्लेट स्लिंगच्या रेषेतच उभी राहिली पाहिजे. भोकातून पाहिले असता स्लिंग प्लेटीच्या पातळीतच दिसावी, प्लेटीस आडवी जाऊ नये. मी वाकण्याचा कंटाळा केला आणि माझे कान आडवे लावले. त्या क्षणी मी त्यांचे चार पंचमांश बळ फेकून दिले होते. आणि जोडकाम एकाच बाजूस केलेले असेल तर विचारूच नका. पुस्तकाचे पान उलटावे तसा तो कान उलटतो.

चार कान लावले म्हणजे ओझे चौघांत सारखे वाटले जाते, हाही एक गोड गैरसमज आहे. चार पायांचे टेबल ओबडधोबड फरशीवर कसे डुगडुगते हे आपण पाहतो. कोणत्याही क्षणी कोपऱ्यासमोरील कोपऱ्याचे दोन पायच खरा भार घेत असतात. स्लिंगांची लांबी बोटभर कमीअधिक झाली की तोच प्रकार होतो. म्हणून ओझे ताठ असेल आणि भार समान वाटणारी काही खास योजना नसेल, तर चारांपैकी दोनच कान सारा भार घेतील, असे धरून हिशेब करणे शहाणपणाचे. शिवाय कान ओझ्याच्या गुरुत्वमध्याच्या वरच्या पातळीत हवेत. ते खाली असतील तर ओझे हवेत गेल्यावर कलंडू पाहते.

दुसरी गोष्ट लोखंडाची. भंगारातील तुकडा कोणत्या जातीचा आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. मोटारीचा कमानपाटा दिसावयास भक्कम दिसतो, परंतु त्यात कार्बन अधिक असतो. त्यावर वेल्डिंग केले की जोडाच्या कडेचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. सिमेंटच्या कामातील सळई वाकवून तिचा आकडा करावा आणि तो वेल्डिंगने चिकटवावा, ही चाल तर सर्वत्र बोकाळली आहे. सळई ही काँक्रीटच्या पोटात राहून ताण सोसण्यासाठी केलेली असते. थंड वाकविलेल्या आणि वर डाग दिलेल्या सळईवर टांगलेले ओझे हे नशिबावर टांगलेले ओझे समजावे. भारतीय मानक २०६२ प्रमाणे प्रमाणपत्र असलेली प्लेट घ्यावी. दोन पैसे अधिक पडतील, पण ते पैसे आपण आपल्या मुलाच्या पायासाठी देत आहोत हे विसरू नये.

ज्या प्लेटीवर कान बसवायचा तीही तपासली पाहिजे. प्लेट रुळांतून लाटून काढलेली असते, त्यामुळे तिच्यातील अशुद्ध द्रव्ये चपात्यांच्या घडीप्रमाणे थराथरांनी पसरलेली राहू शकतात. लांबीच्या दिशेने ओढली तर ती कणखर असते. परंतु वर जोडलेला कान तिला जाडीच्या दिशेने उपटत असतो, आणि त्या ओढीने थर सुटून पापुद्रे निघू शकतात. जोडकाम शाबूत राहते आणि त्याखालची प्लेटच सोलून निघते. याला इंग्रजी पारिभाषिक नाव 'लॅमेलर टेअरिंग' असे आहे. मोठ्या ओझ्यासाठी त्या जागेची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी, म्हणजे अल्ट्रासॉनिक यंत्राने, आधीच तपासणी करून घ्यावी. टाकीचा पत्रा पातळ असेल तर कान थेट पत्र्यावर न लावता मध्ये एक रुंद, गोल कोपऱ्यांची प्लेट घालावी, आणि शक्य तो आतून जेथे पट्टीचा आधार आहे त्या जागीच कान बसवावा. भोक गॅसने न कापता ड्रिलने पाडावे. गॅसने कापलेल्या कडेस खाचा राहतात आणि भेग खाचेतूनच सुरू होते. शॅकलची पिन भोकात फार ढिली नसावी. या मापाच्या कानास दोन-तीन मिलिमीटरांची सूट पुरे होते. भोकाच्या वर पुरेशी प्लेट उरते की नाही हे गणित करूनच ठरवावे.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष जोडकामाची, आणि येथे आपल्या वाडवडिलांची विद्या मदतीस येते. छिन्नी लाल तापवून पाण्यात बुडविली की ती कठीण होते, याला आपण 'पाणी पाजणे' म्हणतो. पाणी पाजलेली छिन्नी तशीच वापरली तर पहिल्या घावास तुकडा उडतो. म्हणून आपले आजोबा ती पुन्हा मंद तापवून तिचे पाणी थोडे उतरवीत असत. वेल्डिंगमध्ये नेमके हेच घडते, मात्र पाणी दिसत नाही. जाड थंड प्लेटीवर रॉडचा लाल रस पडतो, तेव्हा भोवतीचे थंड लोखंडच त्याची उष्णता क्षणात ओढून घेते. जोडाच्या कडेस न कळत पाणी पाजले जाते. लोखंडात कार्बन जितका अधिक आणि प्लेट जितकी जाड, तितका हा परिणाम तीव्र होतो. यावर उपाय एकच. जाड प्लेट आधी शेकून गरम करावी, म्हणजे जोड सावकाश निवेल आणि ओलावाही जाईल. आजोबांना धातुशास्त्राची पुस्तके ठाऊक नव्हती, परंतु शेकण्याचे मर्म ठाऊक होते. मी मात्र आजोबांचा नातू असून ते विसरलो.

रॉडचा ओलावा हा त्याहून कपटी शत्रू आहे. भार घेणाऱ्या कामास ७०१८ या जातीचे कमी हायड्रोजनचे रॉड वापरतात. त्यांचे वरचे आवरण पापडासारखे हवेतील ओल ओढून घेते, आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर पाहावयासच नको. ज्वाळेत त्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि तप्त धातूत शिरतो. धातू निवाल्यावर तो आतल्या आत कोंडला जातो, आणि कठीण झालेल्या भागात भेग पाडतो. ही भेग तत्काळ पडतेच असे नाही. काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडते. म्हणून असे रॉड बनविणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे, सामान्यतः ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून घ्यावेत. नंतरही गरम डब्यातच ठेवावेत आणि लागतील तेवढेच बाहेर काढावेत. जाड आणि कणखर पोलादाच्या जोडाची अखेरची तपासणी ४८ तासांनी करावी, असे म्हणतात ते याच कारणासाठी. दाराशी ट्रक भोंगा वाजवीत असताना जोडलेल्या कानाला हे ४८ तास कोठून मिळणार? तेव्हा कान हे टाकीचे अखेरचे काम नसून पहिल्या कामांपैकी एक आहे, अशीच आखणी हवी.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. जोडाची जागा रंग, गंज, तेल घासून चकचकीत करावी. मोठ्या भाराच्या कानास कडा तासून मुळापर्यंत रस पोचेल असा पूर्ण जोड द्यावा. कोपऱ्यातील त्रिकोणी जोड, ज्यास फिलेट म्हणतात, तो वापरावयाचा तर त्याची खरी ताकद त्याच्या गळ्यात असते हे ध्यानात ठेवावे. १० मिलिमीटरच्या फिलेटचा गळा अवघा ७ मिलिमीटर भरतो. जोड दोन्ही बाजूंस आणि टोकांवरून वळवून चारी बाजूंनी अखंड द्यावा. रॉड बदलण्याची जागा टोकावर वा कोपऱ्यावर येऊ देऊ नये, कारण दोष तेथेच साठतात. प्रत्येक थरानंतर मळ पूर्ण काढावा. आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वेल्डरनेच हे काम करावे. नवशिक्याने हात बसविण्याची ही जागा नव्हे.

चौथी गोष्ट तपासणीची. तपासणी रंग देण्यापूर्वी झाली पाहिजे. हे वाक्य साधे आहे, पण त्याची किंमत किती हे सांगण्यासाठी मी आपणास क्षणभर दूर उत्तर समुद्रात नेतो. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले आणि तेथे पोलादी फलाट उभे राहिले, हे आपणास ठाऊक आहे. नॉर्वेच्या समुद्रातही एकोफिस्क नावाच्या तेलक्षेत्रात 'अलेक्झांडर किलँड' या नावाचा पाच खांबांचा एक तरंगता फलाट होता आणि तेलावरचे कामगार त्यावर राहत असत. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी, वादळी हवेत, त्याचा एक खांबच निखळला आणि थोड्याच मिनिटांत फलाट उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ माणसे मृत्यू पावली. चौकशीत निष्पन्न झाले ते ऐकून थक्क व्हावे लागते. खांबास धरून ठेवणाऱ्या एका प्रचंड पोलादी नळीवर, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या उपकरणासाठी एक लहानशी बैठक वेल्डिंगने जोडलेली होती. ती काही भार घेत नव्हती, म्हणून तिच्या जोडाकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. तो ६ मिलिमीटरचा फिलेट निकृष्ट होता आणि बैठकीच्या पत्र्यात पापुद्रे सुटले होते. तेथे निघालेली भेग लाटांच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी वाढत गेली आणि शेवटी ती सबंध नळी तुटली. त्या जुन्या भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे फलाट समुद्रात जाण्यापूर्वी, कारखान्यात रंग दिला गेला तेव्हाच ती भेग तेथे होती! ब्रशाने ती झाकली आणि कोणाच्या नजरेस पडू दिली नाही.

यातून दोन बोध मिळतात. एक, मोठ्या वस्तूवर जोडलेला लहान तुकडा कधीही लहान नसतो. दुसरा, रंग हा दोष बुजवतो, दुरुस्त करीत नाही. म्हणून आधी डोळ्यांनी, मग भेगेत शिरणाऱ्या लाल रंगद्रवाने वा चुंबकीय भुकटीने तपासणी करावी, आणि पूर्ण जोडाची अल्ट्रासॉनिक परीक्षा करावी. त्यानंतर रंग द्यावा. काम झाल्यावर कान काढून टाकावयाचा असेल तर तो घणाने ठोकून पाडू नये, कारण त्याबरोबर टाकीचा लचका निघतो. दोन-तीन मिलिमीटर वर ठेवून कापावा, उरलेला भाग घासून काढावा आणि ती जागाही तपासावी.

पाचवी आणि अखेरची गोष्ट प्रत्यक्ष उचलण्याची. कानावर सुरक्षित भाराचा आकडा ठोकलेला असावा. जेथे नियमाने वा करारानुसार चाचणी घ्यावयाची असते, तेथे बहुधा सव्वापट भार देऊन ती घेतात. ओझे आधी वीतभर उचलून थांबावे, कान, शॅकल आणि तोल पाहावा, आणि मगच पुढे जावे. ओझ्याखाली कोणीही असू नये आणि दिशा देण्यासाठी हात न लावता दोर बांधावा. हा एक दोर त्या दिवशी बांधलेला असता तर मामांचा पाय वाचला असता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने भार उचलण्याच्या साधनांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आवश्यक केली होती आणि ठरल्यापेक्षा अधिक भार घालण्यास मनाई केली होती. पुढे २०२० साली संसदेने कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता संमत केली. कायद्यांची नावे बदलतात, लोखंडाचा स्वभाव बदलत नाही. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची जी संहिता अशा साधनांच्या रचनेसाठी आहे, तीही भार व परिस्थिती नेमकी ठाऊक नसेल तेथे तिप्पट सुरक्षितता धरावयास सांगते. जगातील जाणते अभियंते आपल्या अज्ञानासाठी अशी जागा राखून ठेवतात, तर आपण अर्ध्या तासात कान लावून मोकळे कसे व्हावे?

बंधूंनो, मी इतका वेळ लोखंडाविषयी बोललो, परंतु माझा मूळ मुद्दा माणसाचा आहे. हे सारे नियम शिकण्यास एक महिना पुरतो. कठीण आहे ते 'नाही' म्हणणे. 'रॉड ओले आहेत, मी जोडणार नाही' असे तरुण वेल्डरने मालकास सांगणे कठीण आहे, आणि शेड आपल्याच काकांची असली तर त्याहून कठीण आहे. आपल्या ज्ञातीत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये अशी शिकवण आहे आणि ती योग्यच आहे. परंतु लोखंड वडीलधाऱ्यांचा मान राखीत नाही. म्हणून शेड चालविणाऱ्या वडील मंडळींस माझी हात जोडून विनंती आहे की, 'आज हा माल उचलता येणार नाही' असे एखाद्या पोराने सांगितले तर त्यास उद्धट न म्हणता, कारण विचारावे.

संस्थेपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. शिष्यवृत्ती निधीतून आपण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस साहाय्य करतो, ते वाढतच जावो. त्याचबरोबर दरवर्षी निदान काही तरुण वेल्डरांच्या परीक्षेची फी संस्थेने भरावी आणि उत्तीर्ण झालेल्यांचा सत्कार याच व्यासपीठावर पदवीधरांच्या शेजारी व्हावा. दुसरी सूचना अशी की, ज्ञातिबांधवांच्या प्रत्येक शेडीत कान जोडणाऱ्याने आपली खूण कानाशेजारी ठोकण्याची प्रथा सुरू करावी. ज्या कामावर आपले नाव आहे ते काम माणूस रंगावरून करीत नाही.

भगिनींनाही एक सांगणे आहे. मुलगा संध्याकाळी घरी आला की, 'जेवलास का' हे आपण विचारताच. त्याबरोबर 'आज काय उचललंत, कान कोणी लावला होता' एवढेही विचारीत जा. ज्या घरात हलत्या कानाची कढई उचलली जात नाही, त्या घरातील मुलाने हलक्या कानाची टाकी उचलू नये, हे सांगण्याचा अधिकार आपल्याइतका कोणास आहे?

मामा आता या जगात नाहीत. त्यांनी मला क्षमा केली की नाही हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारण्याचा मला अधिकारही नव्हता. परंतु त्यांनी सांगितलेले मी एवढ्या वर्षांत विसरलो नाही. मी विचारले नाही आणि तू सांगितले नाहीस, या दोन मौनांच्या मध्ये एका माणसाचा पाय गेला. आपल्या शेडींत विचारणारे आणि सांगणारे निर्माण होवोत, श्रीविश्वकर्मा आपल्या हातांस बळ आणि त्याआधी बुद्धीस सावधपणा देवो, एवढीच प्रार्थना.